पिवळा दिवा आणि शिळफाट्याचा चढ

कल्याण–शिळ रस्त्यावरून येणारी गाडी शिळफाट्याला महापेकडे वळली की पारसिकच्या डोंगररांगेचा चढ सुरू होतो. पुढे कंटेनर, मागे डंपर, दोन्ही बाजूंना ऑफिस गाठायच्या घाईतल्या दुचाक्या. वर चढून गेलं की उतरताना ठाणे–बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी दिसायला लागते. डोंबिवली-कल्याणकडून महापेला नोकरीला येणाऱ्या माझ्यासारख्या कित्येकांचा हा रोजचा रस्ता. २०१८ मध्ये मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हा अवजड वाहनांचा लोंढा इकडे वळला होता आणि या चढाने सगळ्यांच्या गाड्यांची परीक्षा पाहिली होती.

अशा रस्त्यावर डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो तेव्हा मनात एकच प्रश्न असतो: थांबू की जाऊ? गॅरेजची वेळ दोन दिवसांनंतरची मिळते, पार्ट मागवावा लागतो, महिनाअखेर असते. दिवा लागल्यापासून दुरुस्ती होईपर्यंतचे हे मधले दिवस कसे काढायचे, हे कोणी नीट सांगत नाही. मॅन्युअलमध्ये ‘अधिकृत केंद्राशी संपर्क साधा’ एवढंच असतं. माझ्या पेट्रोल-सीएनजी गाडीत हा दिवा वेगवेगळ्या कारणांनी लागलेला मी पाहिला आहे. त्यातून, आणि महापेच्या गॅरेजांतल्या जाणत्या मिस्त्रींकडून जे कळलं, ते इथे लिहितो.

१. आधी रंग बघायचा, मग दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय ते

तेलाच्या किटलीचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर विचार करत बसायचं नाही. डावीकडे जागा बघून गाडी थांबवायची आणि इंजिन बंद करायचं. ऑइलचा दाब गेलेलं इंजिन काही मिनिटांत आतून घासून जाम होऊ शकतं. उकळलेल्या इंजिनाचं हेड वाकतं, गॅस्केट जातं. ‘पुढच्या सिग्नलपर्यंत नेतो’ म्हणण्याची ती वेळ नव्हे.

इंजिनाचा दिवा मात्र पिवळा असतो आणि त्याच्या दोन तऱ्हा असतात. तो स्थिर जळत असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल, काटा जागेवर असेल, वास किंवा आवाज नसेल, तर बेताने घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, इंधन न जळताच बाहेर पडतं आणि सायलेन्सरच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, असा त्याचा अर्थ. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या महागड्या धातूंचा लेप असतो. ही जाळी काहीशे अंशांवर काम करायला बनवलेली आहे. कच्चं इंधन तिथे जळायला लागलं की तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकतं आणि जाळी वितळते. काहीशे रुपयांच्या स्पार्क प्लगपायी किंवा एका इग्निशन कॉइलपायी जो भाग हातचा जातो, त्याची किंमत अनेक हजारांत असते.

उन्हाळ्यात अशी तापलेली गाडी रस्त्याकडेच्या वाळलेल्या गवतावर उभी करू नये. पारसिकच्या उतारांवर मार्च-एप्रिलमध्ये गवत कसं असतं, ते या रस्त्याने जाणाऱ्याला माहीत आहे.

२. ‘गाडी तर मस्त चालतेय’ हा पुरावा नाही

हे मला सगळ्यांत पोटतिडकीने सांगायचं आहे. दिवा लागलेला असतानाही गाडी मस्त चालते, कारण तिने रस्त्यात बंद पडू नये म्हणून हा दिवा आलेलाच नाही. धूर मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून तो आला.

लॉस एंजेलिसच्या हवेतला डोळे झोंबवणारा धुरका नेमका कशाने होतो, याचा शोध १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने लावला. गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरणातून निसटणारे हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि ऊन यांच्यामुळे तो तयार होतो, हे त्याने दाखवलं. पुढे १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झालं, त्याचा पहिला अध्यक्षही तोच. गाडीने स्वतःचा दोष ओळखून चालकाला दिव्याने कळवावं, ही सक्ती याच मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून आणली. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या नव्या कारना एकसारखी पद्धत, एकसारखे कोड आणि १६ पिनांचं एकसारखं सॉकेट आलं. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या (बीएस-चार) गाड्यांना या स्वतःचा दोष ओळखण्याच्या पद्धतीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा आलं, एप्रिल २०२३ मध्ये त्याचा अधिक कडक दुसरा टप्पा.

आता हे महापेच्या हवेत आणून बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ७० च्या वरची क्षेत्रं अतिप्रदूषित धरली होती. नवी मुंबईचा आकडा होता ७३.७७ आणि डोंबिवलीचा ७८.४१. म्हणजे मी ज्या गावातून निघतो आणि ज्या गावात पोचतो, ती दोन्ही त्या यादीत होती. तो निर्देशांक प्रामुख्याने उद्योगांचा, हे खरं. पण कारखान्याचा धूर आणि गाडीचा धूर श्वासात वेगवेगळे जात नाहीत. चढावर माझ्या मागे दुचाकीवर बसलेल्या मुलीच्या तोंडासमोर माझ्या गाडीचा सायलेन्सर असतो. मला जाणवत नसलेला दोष तिला जाणवत असतो.

पीयूसीचा कागद वैध आहे, एवढ्याने समाधान मानू नका. बीएस-चार पेट्रोल गाडीला तपासणीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. पण ती तपासणी उभ्या गाडीची असते आणि कागद वर्षभर चालतो. आठवडाभरापूर्वी पीयूसी झालेल्या गाडीतही आज ठिणगी चुकू शकते. मर्यादेबाहेर धूर सोडणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तो पकडल्यावरचा. पकडलं नाही तरी धूर जातोच.

३. सीएनजी असेल तर एक तपासणी फुकटात होते

महापेत महानगर गॅसचं सिटी गेट स्टेशन आहे आणि या पट्ट्यात सीएनजीच्या गाड्या भरपूर. या गाड्यांत इंजिनाचा दिवा लागला आणि झटके बसायला लागले, तर सुरक्षित जागी थांबून बटण पेट्रोलवर टाकून बघायचं. पेट्रोलवर झटके थांबले, सीएनजीवर परत आले, तर दोन शक्यता. एक, गॅसच्या बाजूचा दोष: फिल्टर, रेग्युलेटर, गॅस इंजेक्टर. दुसरी शक्यता जास्त वेळा खरी निघते आणि लोक ती विसरतात: प्लग किंवा कॉइल कमजोर झालेत. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून म्हातारा झालेला प्लग पेट्रोलवर वेळ मारून नेतो आणि गॅसवर, तेही चढावर, हार मानतो.

माझ्या गाडीचं नेमकं हेच होतं. सपाट रस्त्यावर काहीच नाही. शिळफाट्याचा चढ लागला, दुसऱ्या गियरमध्ये जोर मागितला की गाडी मिसिंग करायची आणि दिवा लुकलुकायचा. पेट्रोलवर टाकलं की शांत. महापेतल्या एका मिस्त्रीला मी एवढंच सांगितलं. स्कॅनर लावायच्या आधीच तो म्हणाला, ‘‘साहेब, प्लग बघू आधी. गॅसच्या गाडीला प्लग लवकर लागतात.’’ प्लग काढले, त्यांच्या टोकांतली फट नको तितकी वाढलेली होती. नवे बसवल्यावर तोच चढ गाडीने गॅसवर काढला.

यासाठी टाकीत पेट्रोल मात्र असायला हवं. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलचा काटा कायम तळाला ठेवणारे या वेळी अडकतात. चार-पाच लिटर नेहमी असू द्यावं.

४. न्यायचीच असेल तर इंजिनावर भार टाकायचा नाही

स्थिर दिवा घेऊन दुरुस्तीपर्यंत दोन-चार दिवस गाडी वापरायची वेळ येते. तेव्हा वेगापेक्षा भार महत्त्वाचा. ॲक्सिलरेटर हळू दाबायचा. चढ सुरू होण्याआधीच खालचा गियर टाकायचा. वरच्या गियरमध्ये गाडी घरघरत ओढायची नाही आणि खालच्यात किंचाळवायचीही नाही. चढावर एसी बंद. डिकीत सामान आणि मागे तीन माणसं घेऊन जायचं नाही. कंटेनरला ओव्हरटेक करायचा मोह टाळायचा, कारण ऐन मध्यावर गाडीने जोर सोडला तर परतायला जागा नसते. काही दोषांत कंट्रोल युनिट स्वतःहून इंजिनाची ताकद बांधून ठेवतं. मग ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी सरकते तेवढीच.

रोज निघताना ऑइलची काडी आणि कूलंटची बाटली बघायची. इंधन जास्त सोडणारा दोष असेल तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, काडीवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो. तसा वास आला की त्या दिवसापासून गाडी जागेवर.

दिवा तसाच ठेवून महिने काढणारी माणसं मला भेटतात. त्यांना मी ॲव्हरेज विचारतो. ऑक्सिजन सेन्सर गेला की मिश्रण किती घट्ट ठेवायचं याचा अंदाज गाडीला येत नाही. तापमानाचा सेन्सर खोटं बोलत असेल, तर तापलेलं इंजिनही तिला थंड वाटतं. दोन्हीकडे इंधन जास्त जातं आणि दुरुस्तीचे वाचवलेले पैसे पंपावर गेलेले असतात.

५. लुकलुकत असेल तर गाडी घरी आणि आपण लोकलने

डोंबिवली–ठाणे, मग ट्रान्स-हार्बरने घणसोली किंवा कोपरखैरणे, तिथून रिक्षा किंवा एनएमएमटीची बस. ठाण्याला गर्दी आहे, जिने आहेत, वेळ जास्त लागतो. पण इंजिन वाचतं आणि चढावर आपल्यामागे कोणी अडकत नाही.

गाडी चढावरच बंद पडली तर गाडीपेक्षा माणसं आधी. चारही इंडिकेटर, जमेल तितकी डावीकडे, हँडब्रेक, गियर. मग सगळ्यांनी डाव्या दारातून उतरून रस्त्याबाहेर उभं राहायचं. प्रवाशांनी गाडीत बसून टोइंगची वाट बघायची नाही. रात्री इथे अवजड वाहनं असतात आणि बंद गाडी त्यांच्या चालकाला उशिरा दिसते. परावर्तक त्रिकोण नव्या गाड्यांबरोबर येतो, पण बहुतेकांच्या डिकीत तो स्टेपनीखाली गाडलेला असतो. हाताशी ठेवा.

६. कोड म्हणजे निदान नव्हे

स्टिअरिंगच्या खाली ते १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर आता स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवर कोड दिसतो. जरूर घ्या. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. पण कोड लक्षण सांगतो. कुठला पार्ट बदलायचा ते सांगत नाही. पी०१७१ च्या मागे फाटलेला व्हॅक्यूम पाइप असेल, मळलेला हवेचा सेन्सर असेल, थकलेला इंधन पंप असेल.

एकदा माझ्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला. एका गॅरेजात सल्ला मिळाला, ‘‘सेन्सर बदलून टाकू, दिवा जाईल.’’ मी म्हटलं, ‘‘दादा, आधी वायर बघून घ्या ना.’’ तिथे कोणाला वेळ नव्हता. दुसऱ्या मिस्त्रीने गाडी रॅम्पवर घेतली, हातात टॉर्च घेऊन सेन्सरपासून वायरचा माग काढत वर आला आणि थांबला. ‘‘हे बघा साहेब. उंदराने कुरतडलीय.’’ वायर जोडली, नळी चढवली, दिवा गेला. सेन्सर शाबूत होता. पावसाळ्यात बिळांत पाणी भरलं की उंदीर पार्किंगमधल्या उबदार बॉनेटखाली येतात, हे आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

म्हणून गॅरेज निवडताना मी एकच बघतो. कोड वाचल्यावर हा माणूस पार्टची किंमत सांगतो की मीटर घेऊन वायर तपासायला लागतो? दुसरा भेटला तर त्याला सोडायचं नाही. आणि तोंडी कितीही मोघम बोलावंसं वाटलं तरी त्याला नेमकं सांगायचं: दिवा थंड इंजिनावर लागला की गरम, गॅसवर की पेट्रोलवर, चढावर की सिग्नलला उभं असताना, आदल्या दिवशी पाऊस होता का, गाडी धुतली होती का. ‘मधूनमधून प्रॉब्लेम येतो’ या वाक्याने त्याचे दोन तास जातात.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा म्हणजे दिवा जाईल, हा सल्लाही फार ऐकू येतो. तो अमेरिकेतला आहे. तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळते का हेही तपासतात. आपले नियम युरोपीय पद्धतीने आले, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत झाकणाचा आणि या दिव्याचा संबंध नसतो. झाकण घट्ट लावावंच, पण तेवढ्यावर विसंबू नये.

७. बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवू नका

टर्मिनल काही वेळ काढून ठेवलं की पुष्कळ गाड्यांत दिवा जातो. स्कॅनरनेही एका बटणात कोड उडवता येतो. दोष तिथेच राहतो, पुरावा जातो. कोड नोंदवताना कंट्रोल युनिट त्या क्षणाची माहितीही जपून ठेवतं: इंजिनाचे फेरे, तापमान, वेग, भार. मिस्त्रीला तीच हवी असते. काही करायच्या आधी कोडचा आणि त्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा.

दिवा आपोआप विझला तरी गॅरेजची वेळ रद्द करू नका. लागोपाठच्या तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की दिवा विझतो, पण कोड बराच काळ, साधारण ४० वेळा इंजिन थंडचं गरम होईपर्यंत, आत राहतो. तेवढ्यात दाखवलं तर कारण सापडतं.

जुनी गाडी घेणाऱ्याने चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, हा दिवा लागतो का ते बघावं. लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर कोणीतरी तो बंद केलेला असू शकतो.

८. पाण्यातून गाडी काढल्यावर लागलेला दिवा

जुलैत ठाणे–बेलापूर रस्त्यावर पाणी साचतं. त्यातून गाडी काढली आणि थोड्या वेळाने दिवा लागला, तर बहुधा कॉइल किंवा एखादा कपलर ओला झालेला असतो. इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, कपलर सुकवून घ्यावे लागतात. पण गाडी पाण्यातच बंद पडली असेल तर स्टार्टर मारायचा नाही, एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सरळ टोइंग.

९. डिझेलवाल्यांसाठी थोडंसं

तळोज्याहून येणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याची बीएस-सहा डिझेल गाडी आहे. घर ते ऑफिस अंतर कमी, त्यात सगळा रेंगाळता ट्रॅफिक. काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्याला सलग बरी धाव लागते. ती मिळत नाही म्हणून आधी फिल्टरचा दिवा लागतो आणि दुर्लक्ष केलं तर मागोमाग इंजिनाचा. पहिल्या दिव्याला मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी नेली तर बहुतेकदा काम होतं. दुसराही लागला की गॅरेज. फिल्टर कापून टाकून देतो म्हणणारे लोक आहेत. त्यांच्या दारात जाऊ नका. ती काजळी मग घणसोली-महापेच्या हवेत उतरते.

१०. दुरुस्तीनंतरचा आठवडा

पैसे देऊन, दिवा विझलेला बघून निघालो की आपण विसरतो. बहुतेक दोष एका फेरीत दिसून दिवा लागत नाही, लागोपाठच्या दोन-तीन फेऱ्यांत दिसावे लागतात. म्हणून गॅरेजच्या दारातला विझलेला दिवा फारसं काही सांगत नाही. थंड इंजिनापासून सुरुवात करून, थोडा सिग्नलचा रस्ता, थोडा मोकळा, आणि ज्या परिस्थितीत दोष दिसत होता नेमकी तीच, अशा दोन-चार फेऱ्या करायच्या. माझ्या गाडीसाठी ती परिस्थिती म्हणजे सकाळचा शिळफाट्याचा चढ, गॅसवर, दुसरा गियर. मग स्कॅनर लावून ‘पेंडिंग’ या खान्यात काही नवीन जमा झालंय का ते बघायचं. रिकामा असेल तर महापेत ऑफिसला शिरण्याआधी पंपावर थांबून पीयूसी करून घ्यायची, जुनीची मुदत शिल्लक असली तरी. छापलेल्या कागदावरचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे आधीच्या कागदाशी ताडून बघायचे आणि दोन्ही कागद गाडीच्या फाइलमध्ये एकत्र ठेवायचे.